टपावरची पेटी

दुकानदाराने गाडीच्या टपावर लावायच्या तीन पेट्या दाखवल्या. दिगंबरने प्रत्येकीचं झाकण उघडून कडेच्या रबरावरून बोट फिरवलं. पेटी मोरेश्वरच्या गाडीसाठी हवी होती. तीस वर्षं दोघं मिळून गड चढले, पण दोर कुठला आणि तंबू कुठला हे दिगंबरच ठरवायचा.

ऑपरेशननंतर दिगंबरचा गुडघा वाकेनासा झाला, तेव्हा त्याने ट्रेकचे बूट भाच्याला देऊन टाकले. आता मोरेश्वर पेटी घेतोय म्हणजे त्याला नवे सोबती मिळाले, असं दिगंबरने मनाशी धरलं होतं.

"ही चपटी घे," तो म्हणाला. "दोर, तंबू, स्टोव्ह आणि तुझी सॅक आरामात मावेल."

"दोन सॅक मावायला हव्यात."

"मग ती लांब घे." दुसरी सॅक कुणाची, हे दिगंबरने विचारलं नाही.

मोरेश्वरने बाहेर उभ्या गाडीचं मागचं दार उघडलं. डिकीत गॅसची टाकी असल्यामुळे त्यांचं सगळं सामान कायम मागच्या सीटवर लादलेलं असे. आज ती सीट झाडूनपुसून रिकामी होती, वर चादर घातलेली.

"दिग्या, आडवा बसून बघ. पाय सरळ राहतो का? गड मी चढेन, पण पायथ्याला पिठलं तुझ्याच हातचं लागतं."

दिगंबर बसला. त्याने पाय लांब केला. टाच पलीकडच्या दाराला जेमतेम टेकली.

"भाच्याकडून बूट परत मागावे लागतील," तो म्हणाला.