दाढेखालचा वाघ

“तर डॉक्टर, याच दाढेनं मी वाघाचं शेपूट पकडलं, आणि—”

“आ करा, आजी.”

दर खेपेला द्वारकाआजीची गोष्ट इथंच अडायची. तरी तिला ही खुर्ची आवडायची. घरी तोंड उघडलं काय, मिटलं काय, ऐकायला होतं कोण?

दाढ भरून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “हे नवं सिमेंट नुसतं भोक बुजवत नाही, झिजलेल्या दाताला हळूहळू कॅल्शियमही परत देतं. आता यायला नको.”

आजीचा चेहरा पडला. चपला समोरच होत्या, तरी तिला सापडायला बराच वेळ लागला.

“अहो आजी, त्या वाघाचं पुढं काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

आजी गर्रकन वळली. शेजारच्या दाढेला बोट लावून म्हणाली, “ते या शेजारणीला ठाऊक. सोमवारी घेऊन येते तिला!”