चटईखाली

बसमधून उतरताना पोआसानं आईची चटई छातीशी घट्ट धरली होती. लग्नात-मयतात द्यायची, कापडासारखी तलम चटई. थांब्यावरच फिलोई आत्या भेटली.

"चटई कुणासाठी रे? कोण गेलं?"

"कोणी नाही आत्या. आईची आहे, म्हटलं इथं घरी असावी."

आत्यानं पुढं काही विचारलं नाही. एरवी ती खोदून खोदून विचारणारी बाई. आज नजरेला नजरही देईना. पोआसाला वाटलं, हिला कळलंय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आत्याच्या घरामागची खुराडी ओस पडली होती. इथली अंडी राजधानीत, आपियाच्या बाजारात जायची आणि त्या पैशांवर गावातली पोरं शिकायची. पोआसाही तसाच शिकला आणि सरकारी कचेरीत लागला. मग शेजारची बेटं आणि समुद्रापलीकडचे दोन मोठे देश यांनी मिळून एकच बाजार करायचं ठरवलं. जकात उठली तर कुणाचं भलं होईल आणि कुणाचं वाटोळं, हे संगणकावर मांडून सांगायचं काम पोआसाकडं आलं.

त्या गणितात अख्खा देश बसवला होता. कोण काय पिकवतं, काय खातं, काय विकतं. गावोगाव पाहणी करून आकडे आणले होते. पोआसाच्या स्वतःच्या गावापुढं, अंड्यांच्या विक्रीच्या जागी, शून्य होतं.

त्यानं ते शून्य पाहिलं. चुकलंय हेही त्याला कळलं. अंड्यांवर शिकलेल्या माणसाला नाही कळणार तर कुणाला? पण पाहणी पुन्हा करायची म्हणजे महिने जाणार, आणि साहेबांना करारावर सह्या व्हायच्या आत उत्तर हवं होतं. तो मूग गिळून बसला. उत्तर आलं, नुकसान कुणाचंच नाही. मंत्र्यांनी रेडिओवर सांगितलं, अंडी विकून जगणारं एकही गाव पाहणीत सापडलेलं नाही. साहेबांनी पोआसाची पाठ थोपटली. वर्षभरात बाहेरची अंडी निम्म्या भावानं बंदरात उतरली, आणि गावातल्या बायकांनी एकेक करून कोंबड्या कापल्या.

संध्याकाळी आत्यानं पानात उकडलेला तारोचा कंद वाढला, आणि कोंबडीचा रस्सा.

"ही शेवटची," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच ठेवली होती."

जेवायला गावचे प्रमुख तुपाईकाकाही होते. "खा रे," ते म्हणाले, "सरकारी माणूस आणि असा वाळलेला? कचेरीत कागद वाढतात काय ताटात?"

पोआसानं हातातला घास ताटात ठेवला. "काका, पाहणीला कोण आलं होतं इथं?"

"एक पोर आली होती. गुणाची होती हो. डुकरं भाजली तिच्यासाठी."

"काय विचारलं तिनं?"

काकांनी आत्याकडं पाहिलं. आत्या ताटावरच्या माश्या हाकलायला लागली.

"असंच, काहीबाही. निघताना टोपलीभर अंडी दिली तिला, तर वेडी पैसे काढायला लागली. पाहुण्याकडनं कुणी पैसे घेतं?"

"रस्सा घे तू," आत्या मध्येच म्हणाली. "निवतोय."

पोआसानं मान खाली घालून रस्सा घेतला. आपण ज्यांचा घास काढून घेतला त्यांचीच शेवटची कोंबडी खातोय, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फटफटायच्या आत तो उठला आणि सभाघरापुढं जाऊन बसला. चटई डोक्यावरून पुरती ओढून घेतली. मोठा अपराध घडला की इथं असंच बसायचं. आतल्या माणसांनी बाहेर येऊन चटई उचलली, तर माफी. नाही उचलली, तर गाव तुटलं. पुन्हा तोंड दाखवायचं नाही. आणि डोक्यात धोंडा बसला तरी हूं की चूं करायचं नाही.

ऊन चढलं. चटईखाली तो घामानं निथळत होता. मग पावलं ऐकू आली, आधी एकदोन, मग बरीच. मंडळी सभाघरात जमली असणार, असं समजून तो चटईखालूनच बोलला.

"ते गणित माझं होतं. शून्य खोटं आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो. तुमच्या चुली मी विझवल्या."

कुजबुज झाली. काही पावलं लगबगीनं घरांकडं गेली आणि परत आली. मग जवळच चटयांची सळसळ झाली, कुणीतरी खोकलं. बसले वाटतं तमाशा बघायला, त्याला वाटलं. बसू देत. आईचं नाव घालवलंच आहे आपण. चटई काही कुणी उचलेना.

"पोआसा."

आत्याचा आवाज अगदी कानाशी आला, त्याच्याच उंचीवरून.

"त्या पोरीनं विचारलं, अंडी विकता का. दारी आलेल्या पाहुणीसमोर 'विकतो' म्हणायचं जिभेवर येईना रे. मी म्हटलं, छे, आम्ही विकत नाही, देतो. माझं ऐकून घराघरानं तेच सांगितलं. काका शेजारीच होते, ते मान डोलवत राहिले. रेडिओ ऐकला त्या दिवसापासून इथं कुणी कुणाकडं बघत नाही."

पोआसानं चटईची कड वर केली. शेजारी आत्या बसली होती, डोक्यावरून चटई ओढून. तिच्यापलीकडं तुपाईकाका. त्यांच्यापलीकडं पार रस्त्यापर्यंत चटयाच चटया. समोर बिनभिंतींच्या सभाघराचे नुसते खांब दिसत होते.

"मग आत कोण आहे?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "कड खाली सोड. उचलणारा येईपर्यंत वर करायची नसते."