पहिली खुर्ची

नळीतलं पाणी पिवळं झालं.

सुबोधने नळी उजेडासमोर धरली. डोळे चोळले, पुन्हा धरली. पिवळंच. पाणी चांगलं असेल तर ते नितळ राहायला हवं होतं. आणि शेजारच्या रजिस्टरमध्ये त्याने पंधरा मिनिटांपूर्वीच आजची तारीख घालून लिहून टाकलं होतं, क्लोरीन शून्य. खाली झोकदार सही.

खरं म्हणजे पठ्ठ्या पाणी तपासायला बसलाच नव्हता. घाटकोपरच्या त्या डायलिसिस केंद्रात दुपारी तपासणीला माणूस येणार होता, आणि पाणी तपासायच्या औषधाची सहा महिन्यांपूर्वी आलेली बाटली अजून गळ्यापर्यंत भरलेली होती. रोज चार थेंब वापरले असते तर ती केव्हाच अर्ध्यावर आली असती. म्हणून सुबोध ती बेसिनमध्ये ओतत होता. ओततोच आहोत तर, म्हणून चार थेंब नळीत टाकले, एवढंच.

नवा होता तेव्हा तो येईल त्याला आपल्या खोलीतलं यंत्र समजावून सांगायचा. आरओचं मेम्ब्रेन मीठ अडवतं, जंतू अडवतं, पण नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यातून निसटतो आणि जाता जाता मेम्ब्रेनचीही वाट लावतो. त्याला आधीच्या कोळशाच्या टाकीतच अडवावं लागतं. तिथून सुटला तर तो थेट पेशंटच्या रक्तापर्यंत पोचतो आणि रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणून रोज सकाळी, पहिला पेशंट लावायच्या आधी, चार थेंब. दोन महिने त्याने इमानाने केलं. रोज नितळ. मग एक दिवस वाटलं, रोज नितळच येणार असेल तर बघायचं कशाला? त्या दिवसापासून फक्त पेन चालत राहिलं.

काचेपलीकडे, पहिल्या खुर्चीवर, धोंडिरामकाकांचं मशीन सुरू झालेलं त्याला दिसलं.

पहिली खुर्ची कायम त्यांचीच. आठवड्यातून तीनदा विक्रोळीहून रिक्षाने उजाडता उजाडता हजर. बाकीच्यांना सव्वासातला लावायचं, यांना पावणेसातलाच. एकदा गार्गीने ती खुर्ची मागितली होती. तिचं तान्हं पोर घरी सासूपाशी असायचं, अर्धा तास लवकर सुटले तर बरं, म्हणाली. म्हातारा हटला नाही. सगळ्यांनी त्याला हेकट म्हणून नावं ठेवली, सुबोधने जरा जास्तच. वर काका आले की काचेवर टकटक करून विचारायचे, "काय रे, पिवळं की नितळ?" सुबोध रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणायचा, "नितळ, काका, नितळ."

आजही तेच म्हणाला होता.

सुबोध धावला. "माधुरी सिस्टर, पहिलं मशीन बंद करा. पाणी खराब आहे."

जेमतेम चार मिनिटं झाली होती. डॉक्टर आले, रक्त तपासलं, तासाभराने म्हणाले, थोडक्यात निभावलं. कोळसा बदलेपर्यंत सगळी पाळी दहावर गेली. दारात ताटकळलेल्या पेशंटना माधुरी सिस्टर कौतुकाने सांगत होत्या, "आमचा सुबोध तपासतो ना रोज, म्हणून कळलं." गार्गीने त्याला हात जोडले. कुणीतरी चहा आणून दिला. कुणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इतकी त्याला लाज वाटत होती.

नवा कोळसा भरल्यावर त्याने नळी तीनदा तपासली. तिन्ही वेळा नितळ. मग तो धोंडिरामकाकांजवळ जाऊन उभा राहिला. काका पुन्हा त्याच खुर्चीवर बसले होते, मशीन चालू होतं. शेजारच्या खुर्चीवर गार्गी ओढणी तोंडावर घेऊन झोपली होती.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "आज ते चुकून कळलं. मी रोज तपासत नव्हतो."

"माका म्हायत आसा," काका म्हणाले. "या खुर्चीतून तुझी खोली दिसते रे. पेन हलतं, बाटली हलत नाही."

सुबोधचे कान तापले. "मग केंद्राच्या मॅडमना सांगायचं होतं."

"सांगितलं ना. त्यांनी तुझं रजिस्टर उघडून दाखवलं. रोज शून्य, रोज सही. एवढ्या चोख रजिस्टरपुढे माझं कोण ऐकणार?"

"मग निदान शेवटची खुर्ची तरी घ्यायची, काका. सगळं माहीत असून सगळ्यांच्या आधी कशाला बसत होता?"

काकांनी एकदा गार्गीकडे बघितलं. तिची ओढणी श्वासाबरोबर वरखाली होत होती.

"गिरणीत मी रंगखात्यात होतो," ते म्हणाले. "नवा रंग आधी चिंधीवर घालून बघायचो. चिंधी जळली तर जळली, तागा वाचायचा."