हातात घेऊन बघ

“हातात घेऊन बघा ना सर,” दुकानातली ॲनिशा म्हणाली आणि तिने काळा माऊस काउंटरवरून ऑस्करपुढे सरकवला.

ऑस्करने उजवा हात त्याच्यावर ठेवला. नीट बसलाय का, ते डोळ्यांनी बघून घेतलं. डाव्या हातात फोन होता आणि फोनमधून फ्रेडरिक बघत होता, कुवेतहून. शुक्रवारी त्याला सुट्टी, इकडे ऑस्कर कामाला होता तो वालीवचा कारखानाही बंद, म्हणून आजचा दिवस ठरला होता.

दोघे शाळेपासूनचे मित्र. दर रविवारी ऑनलाइन गेम खेळायचे. हल्ली खेळ बंद होता. माऊस बिघडलाय, असं ऑस्करने सांगितलं होतं. पुढच्या रविवारीही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. शेवटी फ्रेडरिक म्हणाला, “दुकानात जा, तिथून मला फोन लाव. तू फक्त निवड. माझ्याकडून गिफ्ट.” आता काय सांगणार? ऑस्कर तुळिंजच्या बाजारातल्या या दुकानात येऊन उभा राहिला.

“गेमिंगसाठी पाहिजे की ऑफिसला?” ॲनिशाने विचारलं.

“दोन्हीला,” फोनमधून फ्रेडरिकच बोलला. “साच्यांची ड्रॉइंग काढतो तो. केसभर इकडेतिकडे चालत नाही त्याला.”

ड्रॉइंग आता कारखान्यातला सिप्रियन काढायचा. ऑस्कर गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचा. मालकाने तसं अगदी गोडीने सुचवलं होतं आणि ऑस्करने बरं म्हटलं होतं.

“मग हा बेस्ट आहे,” ॲनिशा म्हणाली. “वजनाला एकदम हलका. ऑफिसमध्ये ब्लूटूथवर चालवा, घरी गेमला हा छोटा रिसीव्हर लावा. बाजूची दोन बटणं बरोबर अंगठ्याखाली येतात. कसा वाटतोय?”

“चांगलाय,” ऑस्कर म्हणाला.

कसा वाटतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. कामणच्या रस्त्यावर स्कूटर घसरली तेव्हा उजव्या कोपराची नस दुखावली होती. जखम भरली, व्रण पूर्ण बाहीच्या शर्टाखाली गेला, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं परत आलीच नाहीत. हलायची, पण कशाला लागलीत ते कळायचं नाही. येईल जाणीव, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा टिफनी, त्याची बायको, तिथेच रडली. ऑस्करने तिला विचारलं, पार्किंगची पावती कुठे ठेवलीस. तेव्हापासून तो घरी चमच्याने जेवायचा. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्याला समजत होतं. वाटत काहीच नव्हतं.

“चांगलाय काय? चालवून दाखव,” फ्रेडरिक म्हणाला. “मॅडम, काही टेस्टबिस्ट आहे का?”

“आहे ना.” ॲनिशाने काउंटरवरचा मॉनिटर वळवला. पडद्यावर लाल ठिपके उमटत होते, क्लिक केलं की फुटत होते. तिने ऑस्करच्या हातातला फोन घेऊन एका खोक्याला टेकवून उभा केला. “आता त्यांना पण दिसेल.”

ऑस्करने बाण ठिपक्यावर नेला. बोट दाबलं, असं त्याला वाटलं. ठिपका तसाच राहिला आणि विझला. दुसऱ्याला त्याने जोर लावला, तर दोन्ही बटणं एकदम दाबली गेली आणि भलताच मेनू उघडला. तिसऱ्या वेळी तो पडद्याकडे न बघता बोटांकडे बघत राहिला. माऊस हाताखालून निसटला आणि काउंटरच्या काचेवर उलटा पडला.

“सेटिंग वेगळं असेल,” ॲनिशा म्हणाली.

फ्रेडरिकने चेहरा पडद्याच्या आणखी जवळ आणला.

“केव्हापासून?” त्याने विचारलं.

“ईस्टरच्या आधीपासून.”

“टिफनीला माहितीये?”

“तिला माहितीये.”

ऑस्कर वाट बघत राहिला. आता तो अरेरे म्हणेल, नाहीतर चिडेल. मग आपल्याला त्याची समजूत काढावी लागेल, होईल बरं म्हणावं लागेल. ते सगळं बोलायचा त्याला आताच कंटाळा आला होता.

“मॅडम,” फ्रेडरिक म्हणाला, “डाव्या हाताने चालेल असा कुठला आहे?”

ॲनिशाने वरच्या फळीवरून एक खोका काढला. यातला माऊस दोन्ही बाजूंनी सारखा होता. तिने उजवं-डावं बटण बदलून दिलं आणि पॅड मॉनिटरच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं.

ऑस्करने डावा हात ठेवला. माऊस गार होता. मागच्या बाजूला किंचित खरखरीत होता. त्याने हात उचलला आणि पुन्हा ठेवला.

“मार,” फ्रेडरिक म्हणाला.

बाण ठिपक्याच्या वरून गेला, खालून गेला. ठिपका विझला.

“याच्यावर ड्रॉइंग नाही व्हायचं,” ऑस्कर म्हणाला. “रेघ वाकडी जाईल.”

“जाऊ दे. थांब जरा.”

फोनच्या पडद्यावर कुवेतच्या खोलीचं छत दिसलं. खुर्ची सरकल्याचा, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग छत गेलं आणि टेबल दिसलं. फ्रेडरिकने स्वतःचा माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला आणून ठेवला होता. त्याच्या कॉम्प्युटरवरही तसलेच ठिपके उमटत होते.

“चल,” तो म्हणाला.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं आली. ॲनिशाने त्यांना हातानेच थांबायला सांगितलं.

ऑस्करने नेम धरला, बटण दाबलं. चुकलं.

तिकडून क्लिकचा आवाज आला. थोड्या वेळाने फ्रेडरिक म्हणाला, “माझंपण.”