वाणातलं पाकीट

“खिमटीत शेंगदाण्याचं कूट आहे, तसं पाकिटावर ठळक लिही गं,” मोठ्या जाऊबाईंनी बजावलं होतं.

केतकी हसली होती. “वहिनी, मार्केटिंगच्या क्लासात शिकवलंय, पाकिटावर नावच मोठं हवं. बाकीचं वाचतं कोण?” आधी फुकट चाखवा, गिऱ्हाईक आपणहून येतं, हेही तिथलंच. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने बाळांच्या खिमटीची चाळीस पाकिटं वाण म्हणून लुटली.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, “ती मोरपंखी साडीवाली तुझी मैत्रीण का गं? बिचारीच्या बाळाला शेंगदाणा चालत नाही म्हणे. जिभेला लागला तरी श्वास कोंडतो.”

स्वतःच्या बाळाला भरवणारा केतकीचा हात थांबला. “मला वाटलं, तुमच्या ओळखीची.”

तिने एकेकीला फोन लावले. ती कुणाबरोबर आली होती, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाकीट तिने हौसेने मागून घेतलेलं मात्र सगळ्यांना आठवत होतं.

केतकीने दिसेल त्या ग्रुपवर लिहिलं: “माझ्या वाणातल्या खिमटीत शेंगदाणा आहे, तो एका बाळाला घातक आहे. त्याची आई काल मोरपंखी साडीत होती, कडेवर सातेक महिन्यांचं बाळ. अशी कुणी तुमच्या शेजारी राहत असेल, तर आत्ता उठा, तिचं दार वाजवा.”