जुना साचा

वीज गेली की शेजारची बाना चोला फोन चार्ज करायला कपेम्ब्वाच्या घरी यायची. लुसाकातल्या त्या अख्ख्या गल्लीत त्याच्याच छपरावर सोलर होता. त्याचा कंप्युटर दीड वर्षात एकदाही बंद पडला नव्हता, आणि हे तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा.

"बाशी बुपे," फोन चार्जिंगला लावत ती म्हणाली, "एन्डोला शहरात गेले होते, तिथे तुमची लेक भेटली. दगडाचं काळीज आहे हो तुमचं! फोनवर नुसती भांडणं होतात म्हणून पोरगी दर रविवारी मेल करते, आणि तुम्ही एका ओळीचं उत्तर देत नाही?"

बाशी बुपे म्हणजे बुपेचा बाप. सगळी गल्ली कपेम्ब्वाला याच नावाने हाक मारायची. घरात ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं.

"एकही मेल आलेली नाही. आठ महिने वाट बघतोय मी."

"मग ती काय खोटं बोलते? या रविवारी नाही लिहिलं तिने. आता पुरे झालं म्हणाली."

तो कंप्युटरपाशी गेला. भांडणाच्या दिवशी त्याने मेल चाळणाऱ्या आपल्या प्रोग्रामला एक रेग्युलर एक्सप्रेशन दिलं होतं: बुपेचं नाव कसंही लिहिलेलं असो, ते ओळखणारा एका ओळीचा साचा. सापडेल ती मेल न उघडताच पुसून टाकायची. वाचायचा मोह नको. दोनच दिवसांत राग ओसरला, तेव्हा ती ओळ त्याने फाइलमधून काढून टाकली होती.

फाइलमध्ये ती आताही नव्हती. पण प्रत्येक मेलसाठी साचा नव्याने कशाला घडवा, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच तो एकदा कंपाइल करून, म्हणजे पक्का करून, मेमरीत ठेवायची सोय त्यानेच केली होती. ओळ काढल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा, तेवढं राहून गेलं. आठ महिने जुनाच साचा चालू होता. नवशिक्याची चूक. शेजाऱ्यांसारखी त्याची वीज एकदा जरी गेली असती, तरी प्रोग्राम नव्याने सुरू झाला असता आणि बुपेची मेल येऊन पोचली असती.

पुसलेल्या मेलचा फक्त आकडा शिल्लक होता. चौतीस. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण बाना चोला समोर होती.

त्याने प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. मग लिहायला बसला. चारच ओळी झाल्या. खाली त्याने स्वतःचं नाव लिहिलं, पुसलं, आणि 'बाशी बुपे' लिहून मेल पाठवली.

"पोचली का?" बाना चोलाने विचारलं.

"कुणास ठाऊक," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "मेल पुसणारे हे साचे घडवायला तिला मीच शिकवलंय."