फक्त खरेदीदारांसाठी

पार्सल पुन्हा परदेशातूनच आलं होतं. सुनेने ते टेबलावर आपटलं. आत घरात घालायच्या लोकरीच्या चपला निघाल्या. असल्या चपला खालच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतात, हे तिने सासूबाईंना गोडीत सांगून झालं होतं, चिडून सांगून झालं होतं. आधी इस्त्री आली, मग कात्री, मग छत्री. छत्री तर अशी अवाढव्य की ती उघडायला घराबाहेर जावं लागे. वापरात एकही वस्तू नव्हती. सगळी खोकी कपाटात जाऊन बसली होती.

"तिथल्या मालाला काय सोनं लागलंय का, आई?"

सासूबाईंचा सगळा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून देण्यात गेला होता. दुसऱ्याचं ऐकून घेऊन गप्प राहायची त्यांना सवय होती. या वेळी मात्र त्यांनी टॅब सुनेपुढे सरकवला.

त्या परदेशी दुकानाच्या पानावर चपलांखाली गिऱ्हाइकांनी मतं लिहिली होती. एका मतावर तिच्या धाकट्या दिराचं नाव होतं. फोटोत चपला धरलेला हात होता आणि मनगटावर भाजल्याचा तो जुना डाग.

सुनेने टॅब जवळ ओढला. मामंजींशी भांडून दीर घर सोडून गेला, त्यानंतर त्याने नंबर बदलला, पत्ता कुणाला कळू दिला नाही. गेल्या वर्षी मामंजी गेले, तेही त्याला कळवता आलं नव्हतं. तेव्हा सासूबाईंनी त्याचं नाव टाकून टाकून शोधलं आणि लेक सापडला तो एका इस्त्रीखाली.

दुकानाचा नियम मोठा विचित्र होता. जी वस्तू विकत घ्याल, तिच्याचखाली ती आधी घेतलेल्या गिऱ्हाइकाला प्रश्न विचारता येई. म्हणून त्याने जे घेतलं, ते सासूबाई घेत. नाव भलतंच लावत आणि विचारत, कात्रीची धार टिकते का, छत्री वाऱ्यात तग धरते का. दुकान त्यांचं मराठी तिकडच्या भाषेत करून देई आणि त्याचं उत्तर मराठीत. 'आदरणीय ग्राहक, छत्री समाधानकारक आहे.' सासूबाई ते दिवसभर वाचत बसत. पोटचा पोरगा आपल्याला आदरणीय ग्राहक म्हणतो, याचंसुद्धा त्यांना अप्रूप होतं.

सुनेला आपल्या तोंडाळपणाची लाज वाटली. तिने हळूच विचारलं, "मग त्यांना कळवा ना, मामंजी गेले म्हणून."

"चपलांखाली मरणाची बातमी लिहू? आणि ही मी आहे हे कळल्यावर तो इथूनही निघून गेला तर?"

पण बाप गेल्याचं मुलाला कळायलाच हवं, असं सून म्हणाली आणि सासूबाईंना ते पटलं. त्यांनी चष्मा पुसला. 'तुझे बाबा' एवढं लिहिलं आणि हात थांबला.

तेवढ्यात पैसे भरताना विचारून ठेवलेल्या प्रश्नाला उत्तर आलं. वयस्कर माणसाच्या पायाला या चपला बऱ्या पडतील का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. उत्तरावर भाषांतराची खूण नव्हती. त्याने ते मराठीतच लिहिलं होतं.

सासूबाईंना अक्षर दिसेना, म्हणून सुनेने वाचून दाखवलं.

"आई, तुला याच बऱ्या पडतील. बाबांना मात्र एक नंबर मोठा घे, त्यांचे पाय सुजतात."